विरळ हवेतील शस्त्र

हेलिकॉप्टर हे मुळात ओझे वाहणारे यंत्र. जखमींना उचलावे, दुर्गम ठाण्यांना रसद पोहोचवावी, ही त्याची आरंभीची कामगिरी. व्हिएतनामच्या युद्धात सैनिक नेणाऱ्या हेलिकॉप्टरांवर जमिनीवरून गोळीबार होऊ लागला, तेव्हा त्यांना शस्त्रसज्ज सोबत्याची गरज भासली. त्यातून अमेरिकेचे ‘कोब्रा’ जन्मास आले. १९६५ साली त्याने प्रथम उड्डाण केले आणि १९६७ मध्ये ते रणांगणावर उतरले. त्याची रुंदी जेमतेम तीन फूट. नेमबाज पुढे, वैमानिक त्याच्या मागे, किंचित उंचावर. समोरच्या शत्रूला लक्ष्य लहानात लहान दिसावे, हा त्यामागील हेतू. पुढील बहुतेक आक्रमक हेलिकॉप्टरांनी हीच घडण स्वीकारली.

सोव्हिएत अभियंत्यांनी ‘मि-२४’ घडविताना शस्त्रांसोबत आठ सैनिकांनाही पोटात जागा दिली. साहजिकच ते अवजड झाले. त्याच कुळातील मि-२५ आणि मि-३५ आपल्या वायुसेनेने घेतली. मि-२५ श्रीलंकेत लढलीही. परंतु हिमालयाची गोष्ट वेगळी.

पाती हवा खाली लोटतात म्हणून हेलिकॉप्टर वर राहते. ५,००० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के असते. पात्यांना लोटावयास हवा अपुरी आणि इंजिनाला श्वासही अपुरा, अशी ही दुहेरी कोंडी. मग एक तर इंधन कमी करावे, नाही तर अस्त्रे. जड यंत्राला तेवढ्यानेही भागत नाही.

ही कोंडी कारगिलमध्ये जिवावर बेतली. तेथे मि-३५ उपयोगी पडणारे नव्हते, म्हणून वाहतुकीच्या मि-१७ हेलिकॉप्टरांना रॉकेटे जोडून हल्ल्यास पाठविले गेले. २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगजवळ त्यांपैकी एक खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राला बळी पडले. उष्णतेच्या मागाने येणाऱ्या क्षेपणास्त्रास चकविणाऱ्या ज्वाला सोडण्याची सोय त्यावर नव्हती. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट आर. के. साहू व सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद हे चौघे धारातीर्थी पडले. त्यानंतर ही हेलिकॉप्टरे अशा हल्ल्यांतून काढून घेण्यात आली. ओझे वाहणाऱ्याच्या हाती तलवार दिली, तरी त्याच्या अंगावर चिलखत येत नाही.

२००६ साली सरकारने हलक्या लढाऊ हेलिकॉप्टराची योजना मंजूर केली. बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ‘ध्रुव’चा पाया घेऊन अंग मात्र अरुंद ठेवले. कमाल वजन ५.८ टन, म्हणजे मि-३५ च्या सुमारे निम्मे. जोडीला दोन ‘शक्ती’ इंजिने. वीस मिलिमीटरची तोफ नेमबाजाच्या शिरस्त्राणाबरोबर वळते; तो पाहील तिकडे तिचे तोंड. २९ मार्च २०१० रोजी ते प्रथम उडाले. २०१५ मध्ये चाचण्यांच्या काळात ते सियाचिन परिसरातील उंच तळांवर उतरले, त्यांतील काही पंधरा हजार फुटांहून उंच होते. २०२० साली पूर्व लडाखमध्ये तणाव वाढला, तेव्हा त्याची दोन यंत्रे लेहला धाडली गेली. अखेर ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूर येथे ते ‘प्रचंड’ या नावाने वायुसेनेत दाखल झाले. कारगिलपासून येथवर तेवीस वर्षे लोटली, हा विलंब मला थोडा वाटत नाही.

दाखल होताना त्यावर रणगाडाभेदी क्षेपणास्त्र नव्हते, हेही सांगावयास हवे. शिवाय २०२२ पासून युक्रेनमध्ये रशियाने गमावलेली आक्रमक हेलिकॉप्टरे पाहता, केवळ उंची गाठल्याने ते सुरक्षित होत नाही. मार्च २०२५ मध्ये आणखी १५६ ‘प्रचंड’ घेण्याचा करार झाला: ६६ वायुसेनेसाठी, ९० भूसेनेसाठी.