डोळे न उघडलेलं पिल्लू

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावसारख्या गावात मांजरीची व्यायची ठरलेली जागा म्हणजे कडब्याची गंजी, नाहीतर सोयाबीनचं भुसकट. गंजी हलवताना कधी डोळे मिटलेलं पिल्लू हाती लागतं. लगेच उचलू नका. मांजरी पिल्लं एकेक करून हलवते. लांबून दोन-तीन तास वाट पाहा. पिल्लू गार पडलं असेल तर मात्र थांबायचं नाही.

आणि इथंच आपण चुकतो, आधी दूध पाजतो. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आधी ऊब द्या: गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. गाईचं दूध नको, हगवण लागते. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून मांजराच्या पिल्लांची दूध पावडर आणा. दर 2-3 तासांनी पाजा, हो, रात्रीसुद्धा. पण पालथं धरून. उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं.

पाजून झालं की कोमट, ओल्या कापसानं शेपटीखाली हलकेच पुसा. एरवी आई चाटते तेव्हाच त्याला शू-शी होते. जन्मतः वजन साधारण 100 ग्रॅम, रोज 10 ग्रॅम तरी वाढायला हवं. किराणा दुकानातला काटा चालेल, दुकानदार हसला तरी. डोळे 7 ते 14 दिवसांत उघडतात.