लिदीवरची छत्री

मंडळी, बुरशीवर व्याख्यान ठेवायचं तर आषाढ-श्रावणात ठेवावं. पण तेव्हा तुमचा पाय शेतातून निघत नाही. मार्गशीर्षात एकमुखी दत्ताची यात्रा भरली की तुम्हालाही सवड असते आणि माझ्या विषयाला लागणारा मालही घोडेबाजारात ढिगांनी पडलेला असतो. हसू नका, मी लिदीबद्दलच बोलतोय. भूछत्रं ओळखायला शिकायचं तर याहून निर्धोक शाळा नाही. इथं चव घेऊन बघायचा मोह कुणालाच होत नाही.

ताज्या लिदीचे दोन-चार गोळे काचेच्या बरणीत ओल्या कागदावर ठेवा, झाकण सैल लावा आणि बरणी खिडकीशी ठेवा. दोन-तीन दिवसांत करडी लव येते. ही म्युकर, शिळ्या भाकरीवरच्या बुरशीची भाऊबंद. मग आठवडाभरात उगवते पायलोबोलस, आणि सगळा खटाटोप हिच्यासाठीच. सेंटिमीटरभर उंचीचा पारदर्शक देठ, वर पाण्याने टम्म झालेला फुगा, त्यावर काळी टोपी. भिंगातून बघत राहा. देठ उजेडाकडे वाकतो, फुग्यातला दाब वाढत जातो, फुगा फुटतो आणि टोपी उडते. मोकळ्यावर ती दोन मीटर सहज जाते. बरणीत मात्र खिडकीकडची काच काळ्या ठिपक्यांनी भरते. एवढी लांब उडी कशाला? तर घोडा आपल्याच लिदीजवळचं गवत खायचं टाळतो. टोपी लांबच्या पात्याला चिकटून त्याच्या पोटात गेली, तरच हिचा वंश पुढे चालतो. कॅनडात विनिपेगला शिकवणाऱ्या बुलर नावाच्या प्राध्यापकांनी या तोफेचा बारकाईने अभ्यास करून ठेवलाय.

त्यानंतर कोप्रायनसच्या नाजूक छत्र्या येतात. सकाळी ताठ उभ्या, काही तासांत काळ्या पाण्यासारख्या विरघळलेल्या. दुपारी बघणाऱ्याला वाटेल, शाई सांडली. एकच जात, पण वेळ चुकली की ओळख पटत नाही.

म्हणून छत्री दिसली की आधी खाली बघा. ती लिदीवर आहे, लाकडावर, उघड्या मातीत की वारुळावर? विदर्भात सात्या म्हणून जी आवडीने खातात, ती टर्मिटोमायसिस वारुळाशीच सापडते. वाळवी जमिनीखाली तिची शेती करते, आणि छत्रीचा देठ मुळासारखा खोल त्या घरट्यापर्यंत गेलेला असतो. वरच्यावर उपटली तर नेमका हाच पुरावा जमिनीत राहतो. खुरप्याने उकरून काढा. देठाच्या बुडाशी वाटीसारखी पिशवी निघाली, तर ती अमानिटा असू शकते. हात आखडता घ्या.

मग रात्रभर कागदाची परीक्षा. टोपी कापून, पापुद्रे खाली करून, अर्धी पांढऱ्या आणि अर्धी काळ्या कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटतो. टर्मिटोमायसिसचा गुलाबीसर येतो. गवतावर उगवणारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस कोवळेपणी तशीच पांढरी, गुबगुबीत, लोभस दिसते. ठसा मात्र हिरवट पडतो. ती खाल्ली की काही तासांत उलट्या-जुलाब. तरीही गुलाबी ठसा म्हणजे खायचा परवाना समजू नका. विषारी छत्र्यांतही गुलाबी ठशाच्या आहेत. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण रंग बदलते का, किड्याने खाल्लंय का, या परीक्षा मला तरी थोतांड वाटतात. विषारी छत्री त्यांतून खुशाल सुटते.

उलट्या लवकर सुरू झाल्या तर बहुधा निभावतं. खरी भीती उशिराची. अमानिटाच्या काही जातींतलं विष शिजवूनही जात नाही. सहा-बारा तास काहीच होत नाही, मग पोट बिघडतं, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि तोवर यकृत निकामी होत असतं. 2022च्या एप्रिलमध्ये आसामात चहामळ्यांतली माणसं रानातली छत्री खाऊन दगावली. असं कुणाच्या घरी झालंच, तर बरं वाटलं म्हणून थांबू नका, दवाखाना गाठा. उरलेली छत्री बुडासकट कागदात गुंडाळून बरोबर न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती सडते. आणि किती वाजता खाल्ली हे डॉक्टरांनी विचारण्याआधी सांगा.