कमानीआधी एक खोली
(चितेगाव येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच झाला. त्यांचे अभिनंदन करून विषयाकडे वळतो. मी वक्ता नव्हे, शिक्षक. बोलण्यात शाळेचा सूर आल्यास क्षमा असावी.

आपण वडार. गाडीवडार, मातीवडार, पाथरवट ही आपली पोटनावे कामावरून पडली. विहिरी खोदाव्या, खडी फोडावी, जात्यांना टाकी लावावी, यात पिढ्या गेल्या. ज्यांच्या घणावर गावे उभी राहिली, त्यांच्याकडेच संशयाने पाहिले गेले. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मावरून माणसास गुन्हेगार ठरविण्याची सोय झाली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. त्या मुक्ततेवरून 'विमुक्त' हा शब्द आला आणि राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आपले नाव आहे. कायदा एका दिवसात गेला. मनातला शिक्का राहिला.

तो पुसावयास पुस्तके धावून आली. कैकाडी समाजात जन्मलेल्या लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली, तर लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले. दोहोंस साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. गायकवाड तर लातूर जिल्ह्यातील धनेगावचे, म्हणजे आपल्याच मराठवाड्याचे. तोवर अशा माणसांविषयी पोलिसांचे दप्तर बोलत असे. आता तो माणूस स्वतः बोलू लागला. आपल्या शेजारच्या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय काढले ते १९५० साली, निजामी राजवट संपून दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा. किती घरांचा उंबरठा त्या एका संस्थेने ओलांडावयास लावला!

आता व्यवहाराचे बोलतो. विमुक्त जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. त्यात शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा फार मोलाचा. पण ज्याचा आजोबा बिऱ्हाड पाठीवर घेऊन कामामागे हिंडला, त्याने उतारा आणावा कोठून? असे पालक माझ्याकडे येत. मी जुन्यातली जुनी वही काढी, पाने जपून उलटी, आणि त्यात नाव नसे. आजोबास शाळा नव्हती, म्हणून नातवाची फी माफ होण्यास अडचण! दारिद्र्य असे कागदावाटेही वारशाने येते.

सांप्रत मुले शाळेत जातात, उत्तीर्णही होतात. परंतु परीक्षेपलीकडे पुस्तक हाती धरणारी थोडी. ठेकेदाराच्या कागदावर न वाचता सही करणारा तरुण मॅट्रिक झाला तरी, स्पष्ट बोलतो, अंगठेबहाद्दरच. मुलींचे तर दहावीचा निकाल लागण्यापूर्वीच स्थळ पाहणे सुरू होते. यावर बोलू लागलो तर अध्यक्ष घंटा वाजवतील.

निधीतून गावाच्या वेशीवर समाजाच्या नावाची कमान उभारावी, अशी सूचना आहे. कमानीस माझा विरोध नाही. दगडाचे काम आपल्यापेक्षा सरस कोण करील? परंतु आधी एक खोली बांधावी. चार बाके, दोन दैनिके, एक शब्दकोश, शंभर पुस्तके आणि दिवा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यान्वये मान्यता मिळाल्यास शासनाचे अनुदानही मिळते; त्यासाठी वर्गणीची व पुस्तकांची नोंद पहिल्या दिवसापासून चोख ठेवावी लागेल. ते काम मी करीन. माझी दोनशेच्या आसपास पुस्तके मी देतो. सायंकाळी सहा ते नऊ खोलीची किल्ली माझ्याकडे राहील. मुलींसाठी पहिला तास राखून ठेवावा, एवढी माझी अट आहे.