भंडारदऱ्याच्या काठावर कॅमेरा

पुणे, मुंबई किंवा नाशिकहून शनिवारी निघून रविवारी परतता येईल, अशी तंबूत राहण्याची जागा म्हणजे अकोले तालुक्यातलं भंडारदरा. प्रवरा नदीवरचं इथलं विल्सन धरण 1926 साली पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाभोवती रतनगड आणि 1646 मीटर उंचीचं कळसूबाई शिखर आहे.

फोटोसाठी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उठा. पहाटे वारा पडलेला असतो, त्यामुळे डोंगरांचं प्रतिबिंब स्पष्ट उमटतं. ऊन तापलं की वारा सुटतो आणि पाणी हलू लागतं. प्रकाशाचं मोजमाप आकाशावरून घ्या, नाहीतर आकाश पांढरंफटक येईल. पाण्याची रेषा आडवी, सरळ ठेवा. काठावरचा एखादा दगड चौकटीत घेतला, तर चित्राला खोली येते. पोलरायझर फिल्टर पाण्यावरची चमक कमी करतो. प्रतिबिंबच हवं असेल, तर तो काढून ठेवा.

अमावास्येच्या आसपास गेलात, तर तारेही टिपता येतात. कॅमेरा तिवईवर ठेवा, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडा आणि शटर 15 ते 20 सेकंद उघडं राहू द्या.

मे अखेरीस, जूनच्या सुरुवातीला इथे काजवे दिसतात. त्यांची लुकलुक जोडीदारासाठी असते. फ्लॅश किंवा बॅटरीच्या उजेडाने तिच्यात व्यत्यय येतो, म्हणून दोन्ही बंदच ठेवा. तंबू मात्र काठापासून दूर, उंचावर लावा. पावसाळ्यात पाणी झपाट्याने चढतं.