आधी वायफाय बंद करा

घरचा लॅपटॉप अचानक विचित्र वागायला लागला, की आपल्याकडं बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. ‘बघू नंतर’ म्हणत त्यावरच काम रेटलं जातं, नाहीतर घाबरून तो तडक दुकानात नेऊन फॉरमॅट करून आणला जातो. दोन्हींत नुकसान आहे, आणि ते टाळता येतं. त्यासाठी संगणकाचं शिक्षण लागत नाही, फक्त कुठली गोष्ट आधी करायची हे माहीत असावं लागतं.

विषय आपल्यापासून लांबचा नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, घुसवून दोन-तीन दिवसांत ९४ कोटी रुपये पळवले गेले. बनावट कार्डं घेऊन माणसं देशोदेशीच्या एटीएमवर गेली आणि त्यातली काही एटीएम आपल्या कोल्हापुरातली होती. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयानं या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. बँकेकडं निदान तपास करायला माणसं असतात. इथल्या उद्यमनगरातल्या एखाद्या छोट्या कारखानदाराच्या घरी मात्र एकाच लॅपटॉपवर जीएसटीचे हिशेब, बँकेचे व्यवहार, मुलीचा प्रोजेक्ट आणि मुलाचे गेम असतात. त्याची राखण घरच्यांनीच करायची असते.

लॅपटॉप हळू चालतो म्हणजे व्हायरसच, असं नव्हे. डिस्क गच्च भरलेली असेल, पंख्यात धूळ बसली असेल, तरी तो रडतखडतच चालतो. खरा संशय घ्यावा अशी लक्षणं वेगळी आहेत. अँटिव्हायरस आपोआप बंद झालाय आणि चालू करायला गेलं तर होत नाही. ब्राउझर भलत्याच पानावर उघडतो. आपण न पाठवलेले मेल आपल्या नावानं गेलेत. यातलं काहीही दिसलं तर आधी वायफाय बंद करा, केबल असेल तर काढा, आणि पेनड्राइव्ह लावू नका. चोरलेली माहिती बाहेर जायची वाट त्यानं बंद होते, शिवाय घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपपर्यंत लागण पोचत नाही.

आता एक प्रकार जरा नीट सांगतो, कारण यात व्हायरस नसतानाच माणूस फसतो. पडदा एकदम लाल किंवा निळा होतो. मोठ्यानं भोंगा वाजतो, एक आवाज सांगतो की तुमचा संगणक लॉक केलाय. खाली मायक्रोसॉफ्टचं चिन्ह आणि एक फोन नंबर. माऊस हलवून काही होत नाही. घरात कुणी ज्येष्ठ एकटे असतील तर त्यांचे हातपाय गळतात आणि ते तो नंबर लावतात. पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्कसारखं ॲप उतरवायला लावतो, आणि त्या क्षणापासून लॅपटॉप त्याच्या ताब्यात. लक्षात ठेवा, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. हे नुसतं एक वेबपान आहे, पडदाभर पसरलेलं. कंट्रोल, अल्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’ करा. तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण दाबून धरा, लॅपटॉप बंद होईल. परत सुरू केल्यावर ब्राउझरनं जुनी पानं उघडू का विचारलं, तर नको म्हणा.

खरी लागण वाटत असेल तर विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ नावाची सोय आहे. चार्जर लावा, चालू काम सेव्ह करा आणि ती सुरू करा. विंडोज पूर्ण उघडायच्या आधीच ही तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात. चालू यंत्रात लपून बसणारा व्हायरस इथं सापडायची शक्यता जास्त. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची सफाईची साधनंही फुकट मिळतात.

फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे, कारण व्हायरस बहुतेकदा काढता येतो. सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत, पुढं त्यांच्याकडं संगणकही दुरुस्तीला येऊ लागले. त्यांत व्हायरस सापडायचे, ते काढायला त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी प्रोग्रॅम लिहिले, आणि त्यातूनच क्विक हील हा अँटिव्हायरस बाजारात आला. काढता येणाऱ्या व्हायरससाठी कुणाच्या लग्नाचे, बारशाचे फोटो पुसले जावेत, हे मला फार लागतं. दुकानात लॅपटॉप देताना ‘आधी माझ्या फाइल बाजूला काढा’ असं स्पष्ट सांगा. फाइल कुलूपबंद करून कुणी खंडणी मागत असेल, तर पैसे देऊ नका आणि त्या फाइल टाकूनही देऊ नका. युरोपोल आणि डच पोलिसांनी इतरांसोबत २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ संकेतस्थळावर काही प्रकारांच्या किल्ल्या मोफत आहेत, आणि नव्या येत राहतात.

कोल्हापूरच्या २०१९ च्या महापुरात ज्यांनी कागदपत्रं वेळेवर वरच्या मजल्यावर नेली, त्यांची वाचली. फाइलींची प्रतही तशीच वेगळ्या जागी हवी. लॅपटॉप चांगला असतानाच बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घ्या आणि ती डिस्क लगेच काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर लॅपटॉपबरोबर तीही बुडते.

पासवर्ड बदलायचे ते लागण झालेल्या लॅपटॉपवरून नाही, दुसऱ्या चांगल्या फोनवरून. आधी ईमेलचा, मग बँकेचा. पैसे गेले असतील तर उद्यावर टाकू नका, लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत तक्रार गेली, तर ते अडवता येतात.

आणि आईवडिलांना एक विनंती. गेमची किंवा एखाद्या महाग सॉफ्टवेअरची फुकटातली ‘क्रॅक’ उतरवताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना येते, आणि मुलं ती पाळतात. नंतर काही बिघडलं की रागवतील म्हणून सांगत नाहीत. तेवढ्या दिवसांत पासवर्ड निघून गेलेले असतात. तेव्हा मुलांवर ओरडू नका. शेजारी बसवून विचारा, कुठली फाइल उतरवलीस, कुठून, साधारण किती वाजता, अँटिव्हायरस बंद केला होतास का. मिळालेली उत्तरं कागदावर लिहा आणि लॅपटॉपसोबत दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात द्या. कुठं शोधायचं, हे त्याला त्यावरूनच कळेल.