चित्ताची भरती-ओहोटी



आपल्या ज्ञातीत मधुमेह झाला तर तो चारचौघांत सांगतात. मन बिघडले तर मात्र शेजाऱ्यासही कळू देत नाहीत. मुलामुलींची स्थळे मोडतील ही धास्ती! आम्हीही हेच केले. आता मुलांची लग्ने उरकल्यावर बोलण्यास उभे आहोत, हे धैर्य जरा उशिराचे, हे कबूल.

आमच्या मनास दोन ऋतू आहेत. एकात महिना महिना अंथरुण सोडवत नाही. दुसऱ्यात झोप नको, अन्न नको, आणि साऱ्या जगाच्या शाळा आपणच सुधारू असे वाटते. डॉक्टर यास द्विध्रुवी विकार म्हणतात. त्यावर लिथियमचा गुण ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ साली प्रसिद्ध केला. आम्ही त्याच गोळ्या घेतो. अधूनमधून रक्त तपासून घ्यावे लागते.

सन २०१२ मध्ये एका योगशिबिरात आम्हांस उपदेश झाला की, गोळ्या सोडा, ध्यान धरा. आम्ही पहाटे तीनपासून आसन मांडून बसू लागलो. झोप उडाली, आनंद वाढला, समाधीच लागली असे वाटले. समाधी कसली! मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे आम्ही दोन दिवसांत अनोळखी माणसांस वाटून टाकले. शेवटी सौभाग्यवतींनी व मेहुण्यांनी आम्हांस इस्पितळात नेले.

बरे झाल्यावर योगसूत्रे स्वतः वाचावयास घेतली. चित्त विक्षिप्त करणारे नऊ अंतराय पतंजलींनी मोजले आहेत. त्यांत पहिला व्याधी, आणि नववा अनवस्थितत्व, म्हणजे साधलेली भूमिका न टिकणे. व्यासभाष्यात व्याधीचा अर्थ धातू, रस व इंद्रिये यांचे वैषम्य असा केला आहे. मग शरीराच्या वैषम्यास औषध घेतल्याने योग कसा बुडावा? हा प्रश्न शिबिरात विचारण्याचे आम्हांस सुचले नाही, मास्तर असून!

आता सकाळी दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष देतो, अधिक नाही. मन उसळते तेव्हा ती उसळी आपण पाहत आहोत एवढे भान त्याने राहते, आणि तेवढ्यात पाकिटाकडे गेलेला हात थांबतो. उदास दिवसांत डोळे मिटले की काळे विचार गोळा होतात. तेव्हा बसत नाही, चालावयास जातो. जोराचे प्राणायाम डॉक्टरांच्या सल्ल्याने वर्ज्य केले आहेत. रात्री दहास दिवा मालवतो आणि झोपेचे तास हजेरीपटाप्रमाणे वहीत मांडतो.

ती वही दर रविवारी सौभाग्यवती तपासतात. गेल्या महिन्यात त्यांनी ओळीने तीन रात्रींवर तांबड्या शाईने खूण केली. आम्ही थोडा वाद घातला, आणि सोमवारी डॉक्टरांकडे गेलो.