धावणारी आणि तिला धाडणारे



महोत्सवाच्या प्रसंगी थोरांची चरित्रे आठवावीत, हा आपला परिपाठ आहे. आज आम्ही आपणांपुढे एका धावपटू स्त्रीचे चरित्र मांडू इच्छितो. मुंबईतील वांद्रे येथे 1931 साली जन्मलेल्या मेरी डिसोझा यांचे नाव वडीलधाऱ्यांस परके नसेल. परंतु तरुण मंडळींस त्यांची हकिगत सांगणे अगत्याचे वाटते.

मार्च 1951 मध्ये दिल्ली येथे आशियाई क्रीडास्पर्धा प्रथमच भरल्या. त्यांत मेरी डिसोझा यांनी 200 मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. रिले शर्यतीत रौप्यपदक जिंकणाऱ्या भारतीय चमूतही त्या होत्या. पुढील वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. मान मोठा, परंतु प्रवासखर्चाची सोय नव्हती, आणि तो भार घरच्यांस पेलण्याजोगा नव्हता.

तेव्हा आप्तेष्ट व स्नेही पुढे सरले. त्यांनी व्हिस्ट ड्राइव्ह व नृत्याचा कार्यक्रम योजून पैसा उभारण्याची खटपट केली. देवळाच्या छपरासाठी वा शाळेच्या बाकांसाठी आपण जे उपाय योजतो, त्यांतलाच हा एक. त्याच ऑलिंपिकसाठी कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव निघाले, तेव्हाही लोकांनी वर्गणी जमविली. आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून 7,000 रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, आणि तो पैसा फळास आला हे सर्वांस दिसले.

मेरी डिसोझा यांच्या बाबतीत तसे घडले नाही. 100 व 200 मीटर या दोन्ही शर्यतींत त्या प्राथमिक फेरीतच मागे पडल्या. त्या व नीलिमा घोष या ऑलिंपिकच्या धावपट्टीवर उतरलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया, हे खरे. तथापि व्यवहारी मनुष्य विचारील की, काही सेकंदांच्या धावेपायी एवढा खटाटोप कशास? हा प्रश्न आपण टाळू नये. कारण वर्गणी देताना तो आपल्याही मनात डोकावतो.

त्याचे एक उत्तर 1954 साली मनिला येथे मिळाले. तेथील आशियाई स्पर्धांत स्टेफी डिसोझा, ख्रिस्टीन ब्राऊन, व्हायोलेट पीटर्स व मेरी डिसोझा या चौघींनी 4×100 मीटर रिले शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. या शर्यतीत प्रत्येकीने आपला टप्पा धावून हातातील काठी आखलेल्या हद्दीत पुढचीच्या हाती द्यावयाची असते. देण्याघेण्यात चूक झाली, तर अतिवेगवान धावपटूचाही वेग व्यर्थ जातो. मेरी डिसोझा हॉकीतही निपुण होत्या. 1953 साली इंग्लंडमध्ये व 1956 साली ऑस्ट्रेलियात त्या भारतातर्फे खेळल्या. 2013 साली सरकारने त्यांस ध्यानचंद पुरस्कार दिला. मनिलाच्या विजयास तोवर एकोणसाठ वर्षे लोटली होती!

परंतु आमच्या मते खरे उत्तर याहून निराळे आहे. मनिलाचे सुवर्ण लाभले नसते, तरीही 1952 सालचा तो पैसा वाया गेला असे म्हणता आले नसते. ज्यांनी तो दिला, त्यांना पुढचा जय ठाऊक नव्हता. आपल्यातील एक मुलगी धावू शकते, तिला धावावयास मिळावे, एवढेच त्यांनी पाहिले. जिंकून आलेल्यास हार घालणे सोपे. अद्याप काहीच न जिंकलेल्यास वाटखर्च देणे कठीण, आणि तेच अधिक मोलाचे.

बंधुभगिनींनो, आपल्या पटांगणावरही मुली धावतात. सायंकाळ झाली की त्यांना घरकामास हाक येते. त्यांचे भाऊ मात्र खेळत राहतात. त्यांच्यापैकी कोण पुढे नाव काढील, हे आज कोणासही सांगता येणार नाही. म्हणून आमची विनंती एवढीच की, घरोघरी त्या हाकेचा विचार व्हावा, मुलींस रोज तासभर मोकळा मिळावा, आणि ज्या कुटुंबास बूट वा प्रवासखर्च परवडत नाही, त्याच्या पाठीशी आपण उभे राहावे. पदक येण्यापूर्वी, आणि ते न आले तरीही.